फिलिपिन्सच्या गोष्टी आणि एक उलटी नोटीस

१९७४ च्या जून महिन्यात, एका शुक्रवारी, हिंगोलीहून निघणाऱ्या आमच्या साप्ताहिकाच्या तिसऱ्या पानावर नावबदलाची एक जाहीर नोटीस उलटी छापली गेली. कचरू नावाच्या तरुणाला आनंद व्हायचं होतं. नोटिशीप्रमाणे तो आनंदचा कचरू झाला. प्रूफ मी वाचलं होतं आणि त्यावर माझी सही होती.

नोटीस देण्याचं कारण नोकरी होतं. पण त्या तरुणाला आमच्या कचेरीची वाट दाखवली ती फिलिपिन्समधल्या जुन्या गोष्टींनी. हा संबंध लांबचा वाटेल, म्हणून क्रमाने सांगतो.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. साप्ताहिक चार पानांचं. मालक-संपादक अण्णा, कंपोझिटर रहीमचाचा आणि मी, एवढीच माणसं. मी त्याआधी औरंगाबादच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. इथे बातमी आणणं, लिहिणं, प्रूफ तपासणं आणि गावोगावचे गठ्ठे एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करणं, ही सगळी कामं माझ्याकडे होती. छपाई पायाने चालवायच्या ट्रेडल यंत्रावर व्हायची. मजकूर शिशाच्या खिळ्यांनी जुळवला जाई. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. रहीमचाचा उलटी अक्षरं सुलट्यापेक्षा जलद वाचत.

शुक्रवारच्या अंकाची अडचण कायम चौथ्या पानाची असे. जाहिरात कमी पडली की पान रिकामं राहायचं. दोन कवी ते भरायला तयार होते, पण अण्णा तयार नव्हते.

अशा वेळी एका कृषी अधिकाऱ्याची बदली झाली आणि जाताना तो मला एक इंग्रजी पुस्तक देऊन गेला. त्याला सरकारने भाताच्या नव्या वाणांचं प्रशिक्षण घ्यायला फिलिपिन्सला पाठवलं होतं आणि परत आल्यावर ज्वारी, कापूस नि हळदीच्या मुलखात नेमलं होतं. या व्यवस्थेवर तो स्वतःच हसायचा. पुस्तक तिकडच्या जुन्या गोष्टींचं होतं, स्पॅनिश आणि टागालोग भाषांतून इंग्रजीत आणलेलं. तिथल्या शाळांत ते लावतात, एवढं त्याला माहीत होतं. मुखपृष्ठ नव्हतं. पहिली सोळा आणि शेवटची काही पानं नव्हती. पुस्तकाचं नाव आणि लेखकांची नावं त्यामुळे मला कळली नाहीत, आजही ठाऊक नाहीत.

दर आठवड्याला एक गोष्ट, अशी मालिका मी सुरू केली. पहिल्या हप्त्याबरोबर चार ओळींची टीप दिली. त्या बेटांवर तीनशेहून अधिक वर्षं स्पेनचं राज्य होतं, नंतर जवळजवळ पन्नास वर्षं अमेरिकेचं. आजोबा एका भाषेत शिकले, नातू दुसऱ्या भाषेत, आणि आजीला दोन्ही येत नव्हत्या. ही टीप लिहिताना मला काही विशेष वाटलं नाही. छापून आल्यावर अण्णा म्हणाले, "हे तर आपल्याकडचंच झालं." अण्णांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूत झालेलं. ते सही उर्दूत करत. त्यांचा मुलगा मराठीत शिकला होता आणि आता इंग्रजी सुधारायला शिकवणी लावून होता.

आमचा अंदाज होता की मालिका म्हातारे वाचतील. पत्रं आली ती सगळी कॉलेजच्या आणि अध्यापक विद्यालयाच्या पोरांची.

एका गोष्टीत अमेरिकन काळातली शाळकरी मुलगी होती. तिच्या वाचनपुस्तकात सफरचंद आणि बर्फ. दोन्ही तिने पाहिलेली नाहीत. परीक्षेत आवडत्या फळावर निबंध येतो, ती सफरचंदावर लिहिते आणि पहिली येते. अंगणातल्या फणसाबद्दल तिला एकही वाक्य सुचत नाही. कुरुंद्याहून एका विद्यार्थ्याचं कार्ड आलं. शाळेत त्याने "समुद्रकिनाऱ्यावरील संध्याकाळ" हा निबंध तीनदा लिहिला होता आणि तिन्ही वेळा त्याला चांगले गुण पडले होते. समुद्र त्याने पाहिला नव्हता. त्याच्या घरी चार पिढ्यांची हळद होती. हळद शिजवण्यावर निबंध लिहायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, असं त्याने लिहिलं होतं. तक्रार नव्हती. माहिती दिली होती.

दुसरी गोष्ट मनिलाहून शिकून घरी आलेल्या तरुणाची होती. तो आईच्या बोलण्यातले उच्चार सुधारतो, हाताने जेवायला लाजतो आणि तीन दिवसांत परत जातो. हा अंक निघाल्यावर डोंगरकडा गावचा एक विद्यार्थी थेट कचेरीत आला. औरंगाबादला बी. ए. करत होता.

"साहेब, ही गोष्ट तुमी माझ्यावर लिवली," तो म्हणाला.

"गोष्ट फिलिपिन्सची आहे. शंभर वर्षांपूर्वीची असेल."

"मंग माझा बाप मला काय बोलला ते तिथल्या लोकायला कसं कळलं?"

वडील काय बोलले होते, ते मी विचारलं. सुट्टीत घरी गेल्यावर तो "न्हाई"च्या जागी "नाही" म्हणू लागला होता. वडिलांनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी आईला सांगितलं, "पाव्हण्याला ताट वाढ." रहीमचाचा खिळे जुळवताना थांबून हसले. पोरगाही हसला. मग त्याने सांगितलं की आता तो घरी आणि औरंगाबादला वेगवेगळं बोलतो. त्यात चूक होते ती बसमध्ये. नेमकं कुठे बदलायचं हे कळत नाही.

तिकडच्या जुन्या साहित्यात आजच्या तरुणाला काय सापडतं, असा प्रश्न पुढे एका महाविद्यालयाच्या कार्यक्रमात मला विचारला गेला. मी ही दोन उदाहरणं सांगितली. तिसरं सांगितलं नाही. ते असं.

पुस्तकातली शेवटची गोष्ट नावांच्या यादीची होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्पॅनिश अंमलदारांनी त्या बेटांवरच्या लोकांना आडनावं वाटली. छापील यादी गावोगाव गेली आणि लोकांनी त्यातून नावं घेतली. हा इतिहास आहे. गोष्टीतल्या गावाच्या वाट्याला यादीचं एकच पान येतं. त्यामुळे अख्ख्या गावाची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात. पुढे त्या गावातला एक तरुण शहरात शिकायला जातो. वर्गात कुणीतरी त्याला हे सांगतं. तो सुट्टीत घरी येतो आणि आजीला विचारतो की यादी येण्याआधी आपलं नाव काय होतं. आजी तांदूळ निवडत असते. ती म्हणते, आधी बस. इथे पान संपतं. पुढची पानं पुस्तकात नव्हती.

मी तेवढंच छापलं आणि खाली खरी स्थिती लिहिली. पुढे काय झालं असेल ते वाचकांनी कळवावं, असं अण्णांनी स्वतःहून जोडलं. पुढच्या आठवड्याचंही पान भरेल, हा त्यांचा हिशेब.

दहा-बारा पत्रं आली. एकाने तरुणाकडून यादी जाळवली. एकाने त्याला तिथला मामलेदार केलं. हिंगोलीच्या एका विद्यार्थिनीने शेवट लिहिलाच नाही. तिने विचारलं की अख्खी गोष्ट नावाची आहे, मग आजीचं नाव गोष्टीत कुठेच का नाही. मी तो हप्ता पुन्हा तपासला. खरंच नव्हतं.

"फिलिपिन्सवाल्यांनी गोष्ट लिवली, शेवट हिंगोलीवाले करून राहिले," अण्णा म्हणाले.

एक कार्ड शिरड शहापूरच्या पत्त्याचं होतं. लिहिणारा हिंगोलीत वसतिगृहात राहून अध्यापनाची पदविका करत होता. त्याचा शेवट तीन ओळींचा होता. नाव दुसऱ्याने दिलेलं असेल तर टाकून द्यावं. जुनं शोधत बसू नये. स्वतःचं स्वतः ठेवावं. खाली सही: कचरू. आडनाव इथे देत नाही.

महिन्याभराने तो कचेरीत आला. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात नेमणुकीचा कागद. प्राथमिक शाळेत शिक्षक म्हणून निवड झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. हजर होताना सेवापुस्तिका उघडतात आणि तीत पहिल्या पानावर जे नाव पडतं ते निवृत्तीपर्यंत चालतं. नंतर बदलायचं तर वर्षं जातात. म्हणून प्रतिज्ञापत्र आणि वर्तमानपत्रातल्या नोटिशीचं कात्रण तो सोमवारच्या आत तयार ठेवणार होता. कात्रणाशिवाय अर्ज घ्यायला मुख्याध्यापक तयार नव्हते.

"काहून बदलता?" चाचांनी विचारलं. एरवी ते असं विचारत नसत.

"चाचा, वर्गात पन्नास लेकरं असतील. कचरू गुरुजी म्हणतील. कचराच की." तो शांतपणे बोलत होता. "गावात वरच्या आळीतल्या पोरांची नावं माधवराव, रामराव. आमची कचरू, धोंडू. शाळेचं रजिस्टर कुणी भरलं? मास्तरानं. जशी तुमच्या गोष्टीतली यादी, तशीच. आमी बौद्ध झालो, सगळं बदललं. नाव तेवढं त्यायनं दिलेलं राहिलं."

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटायला अजून चार वर्षं होती. पण नावाबद्दलचं हे बोलणं त्या काळात वसतिगृहांतून ऐकू येत होतं.

मराठवाड्यात कचरू हे नाव एका समाजाचं नाही. पाटलांच्या घरातही कचरूअप्पा असत. हे मला माहीत होतं. त्यामागचं कारणही ऐकलेलं होतं. मी कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. नोटीस घेणाऱ्याने कारणात शिरायचं नाही, अशी माझी सवय होती. तिचा मला अभिमानही होता.

त्याने चिठ्ठी लिहून दिली. पहिल्या ओळीत जुनं नाव, दुसऱ्या ओळीत नवं.

आता चूक कशी झाली ते. नावबदलाच्या नोटिशीचा मजकूर दर वेळी नव्याने जुळवत नसत. मजकूर दोऱ्याने बांधून ठेवलेला असे. फक्त नावांचे खिळे काढून नवे घालायचे. आमच्या बांधलेल्या मजकुरात वाक्य असं होतं: यापुढे मला अमुक या नावाने ओळखावे, यापूर्वी माझे नाव तमुक होते. म्हणजे नवं नाव आधी. चिठ्ठीत जुनं आधी. रहीमचाचांनी चिठ्ठीच्या क्रमाने नावं घातली. प्रूफ माझ्याकडे आलं. प्रूफ वाचणारा अक्षरं पाहतो. काना, मात्रा, वेलांटी बरोबर होती. कचरू बरोबर होता, आनंदही बरोबर होता. मी सही केली.

शुक्रवारी गठ्ठे गेले. शनिवारी सकाळी कचरू अंक घेऊन आला. त्याने अंक माझ्यासमोर ठेवला आणि बोट ठेवलं.

"साहेब, तुमी मला पुन्हा कचरू करून टाकलं. तेबी छापून."

मी वाचलं. चाचांनी वाचलं.

"पर्ची में जैसा था वैसा डाला मैं," चाचा म्हणाले. मग बांधलेला मजकूर पुढे ओढून त्यांनी उलट्या अक्षरांत पुन्हा वाचला. "नै. गलती है."

शुद्धिपत्र पुढच्या शुक्रवारी निघालं असतं. हजर व्हायचं होतं सोमवारी. अण्णांसमोर विषय ठेवला. एक उपाय होता, रविवारी अर्ध्या पानाची पुरवणी काढायची.

"पुरवणी पाहून लोक म्हणतील सरकार पडलं," अण्णा म्हणाले. "काढा. पण एका शुद्धिपत्रासाठी अर्धं पान कोरं जाऊ देऊ नका."

कोऱ्या जागेत वाचकांचे शेवट टाकायचं ठरलं. त्यात त्या विद्यार्थिनीचा प्रश्न होता आणि कचरूचं तीन ओळींचं कार्डही.

रविवारी सकाळी फर्मा, म्हणजे चौकटीत आवळलेला पानाचा मजकूर, बांधून तयार झाला. कचरू समोर बसून होता. या वेळी शुद्धिपत्राचं प्रूफ त्याच्याकडून वाचून घेतलं. चाचा यंत्रावर फर्मा चढवत असताना दारात एक बाई आली. पन्नाशीची, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेला गुळाचा खडा.

"पेपरवाले हितंच व्हय?"

कचरू उठून उभा राहिला. "आये, तू इथं काहून?"

बाईचं नाव गयाबाई. शेतमजुरी करत. पहिल्या एसटीने औंढ्यावरून आल्या होत्या. शनिवारी गावात कुणीतरी त्यांना अंक वाचून दाखवला होता. मुलाने घरी काही सांगितलेलं नव्हतं. वाचून दाखवणाऱ्याने जे छापलं तेच वाचलं: यापुढे मला कचरू या नावाने ओळखावे.

"माझ्या लेकरानं पेपरात दिलं म्हन, की मला कचरूच म्हना," त्या मला म्हणाल्या. "सगळं गाव ऐकून राहिलं होतं. मला वाटायचं, शिकलं की याला नावाची लाज वाटंल. म्हनून गूळ आनला."

त्या खाली बसल्या आणि न विचारताच सांगू लागल्या.

"बौद्ध व्हायच्या आदीची गोष्ट. याच्या आदी तिघं गेले. एक तर रांगत होतं. हे झालं तव्हा सुईन म्हनली, उकिरड्यावर ठिव. सुपात घालून ठिवलं. शेजारनीनं उचललं. मंग मी सूपभर जवारी देऊन तिच्याकडून इकत घेतलं. दुसऱ्यानं टाकलेलं म्हनून घेतलं. कचऱ्याला कोन हात लावतं? मरनबी लावत न्हाई. म्हनून कचरू."

"रजिस्टरात मास्तरानं लिवलं ना पर?" कचरूने विचारलं.

"मास्तर तर बाळू लिवत होता. म्हने, कचरू काय नाव हाय? मी दारात भांडले. म्हनलं, नाव बदललं अन् लेकराला काही झालं तर तू देशील व्हय? तव्हा लिवलं त्यानं."

कचरू खिळ्यांच्या पेटीकडे पाहत होता. चाचांनी पाय यंत्रावरून काढला.

"फर्मा चढा हुआ है," ते म्हणाले. "चलाऊँ के उतारूँ?"

कचरू आईसमोर उकिडवा बसला.

"आये, पेपरात उलटं छापलंय. मी आनंद नाव घेतलंय. शाळेत तेच लागंल."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. "म्हंजी ते खोटं व्हतं?"

"छापायची चूक झाली."

"कुनाची?"

"माझी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चांगली केली व्हती," त्या म्हणाल्या.

"वर्गात लेकरं हसतील, आये."

"हसतील तर त्यायचं नाव इचार. त्यातबी दोन कचरू निघतील." मग त्यांनी विचारलं, "नोकरीला तकलीफ हाय का त्या नावानं?"

"नोकरीला न्हाई. मलाच हाय."

फडक्याची गाठ सोडून गूळ त्यांनी चाचांच्या टेबलावर ठेवला. "आता आनलाच हाय तर खावा."

कचरू उभा राहिला. "चालवा, चाचा," तो म्हणाला.

पुरवणी छापली गेली. शुद्धिपत्र वर, त्याच्या खाली वाचकांचे शेवट. स्वतःचं कार्ड काढून टाकायला त्याने सांगितलं नाही. पहिली प्रत त्याने घेतली. मायलेक दुपारच्या एसटीने शिरड शहापूरला गेले. सोमवारी तो शाळेत हजर झाला आणि सेवापुस्तिकेत आनंद हे नाव लागलं. मंगळवारी त्याने तसं कार्ड पाठवलं.

मालिका तिथेच संपली. चौथ्या पानावर शेतीसल्ला सुरू झाला. बांधलेला मजकूर सोडून आम्ही तो नव्याने जुळवला, जुनं नाव आधी येईल असा. आणखी एक नियम मी केला. नाव असलेली कोणतीही चिठ्ठी, देणाऱ्याला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवायची. काही लोकांना हा नियम अपमानाचा वाटे. एका वकिलाने मला विचारलं, मला वाचता येत नाही असं वाटतं का? मी म्हणालो, मला येत नाही असं समजा.

१९७९ च्या हिवाळ्यात आनंद गुरुजी कचेरीत आले. मधल्या वर्षांत त्यांची दोनदा बदली झाली होती, लग्न झालं होतं. गयाबाई वारल्या होत्या. निधनवार्ता द्यायची होती. चिठ्ठी त्यांच्याच अक्षरात, शिक्षकाच्या वळणदार अक्षरात होती. नियमाप्रमाणे मी ती मोठ्याने वाचली. वास्तव्य, वय, त्यांच्या पश्चात मुलगा कचरू, सून व दोन नाती असा परिवार आहे.

वाचून मी थांबलो.

"नाव बरोबर आहे?" मी विचारलं.

"बराबर हाय," ते म्हणाले.

चाचांनी चिठ्ठी घेतली आणि खिळे जुळवले. निधनवार्ता शुक्रवारी तिसऱ्या पानावर छापली गेली. पुढच्या शुक्रवारच्या अंकात शुद्धिपत्र नव्हतं.